कोलकत्याची अट

सुकेशनी माझ्याकडे सहा वर्षं ज्युनियर होती. परभणीच्या कोर्टात उभं कसं राहायचं, कुठं गप्प बसायचं, हे मी तिला शिकवलं. तिनं स्वतःचं ऑफिस काढलं तेव्हा फीतही मीच कापली. पुढं माझे पक्षकार तिच्याकडे जायला लागले आणि माझा जीव जळायला लागला.

आमच्याच जिल्ह्यातल्या पूर्णेच्या वैजयंतीताई त्यातल्याच. त्यांची डाळमिल. डाळ निवडायचं मशीन त्यांनी एका फायनान्स कंपनीकडून हप्त्यांवर घेतलं होतं. हप्त्यांवरून काही वाद झाला आणि कंपनीची माणसं भरदुपारी मशीन उचलून घेऊन गेली. ताई माझ्याकडे आल्या. करारात अट होती : कुठलाही वाद फक्त कोलकत्याच्या कोर्टात चालेल.

"सही तुमचीच आहे. कोलकत्यालाच जावं लागेल," मी सांगितलं.

"लय लांब पडतंय हो, साहेब. मिल बंद हाय माझी."

कराराची प्रत तेवढी घेऊन, बाकी फाइल माझ्याकडेच ठेवून त्या गेल्या. आठ दिवसांत कळलं, सुकेशनीनं परभणीतच दावा लावला. दावा कोलकत्याला पाठवा म्हणून कंपनीनं लगेच अर्ज दिला.

सुनावणीच्या आदल्या दुपारी मी ती फाइल उघडली. तिची फजिती होणार याची खात्री करून घ्यायची होती, दुसरं काही नाही. तळाशी कंपनीचं इंग्रजी पत्र होतं, करारानंतरचं. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं की परभणी जिल्ह्यातल्या ग्राहकांपुरती कोलकत्याची अट रद्द केली आहे, वाद परभणीच्या कोर्टात चालतील. हे पत्र दोन महिने माझ्या कपाटात होतं आणि मी पहिल्या पानाच्या पुढं गेलोच नव्हतो.

तेवढ्यात तिचा फोन आला.

"सर, ताईंच्या फाइलीत करारानंतरचा काही कागद हाय का?"

"नाही," मी म्हणालो. पत्र हातात होतं. ते मी ड्रॉवरमध्ये टाकलं.

दुसऱ्या दिवशी माझं काही काम नसताना मी मागच्या बाकावर जाऊन बसलो. सुकेशनी छान बोलली. करार पूर्णेत झाला, मशीन पूर्णेतून नेलं, सगळं सांगितलं. न्यायाधीशांनी शांतपणे ऐकून घेतलं. पण कंपनीचं मुख्य ऑफिस कोलकत्यात, अट दोघांच्या सहीची. कोलकत्याच्या कोर्टात लावा म्हणून दावा परत केला. मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू?

चार दिवसांनी ताई फाइल न्यायला आल्या.

"नांदेडच्या पुढं मी कधी एकटी गेले न्हाई, साहेब. आता कोलकत्याला जायलेय," त्या म्हणाल्या. फाइल काखेत धरून जिना उतरायला लागल्या.

"ताई, थांबा," मी ओरडलो. ड्रॉवर उघडून पत्र त्यांच्या हातात दिलं. "हे सुकेशनीला दाखवा. आजच."

पत्र फाइलीत घालून त्या तिच्याकडे गेल्या. सुकेशनीचा फोन आला नाही. जिल्हा न्यायालयात अपील झालं. पत्र आपलंच आहे हे कंपनीच्या वकिलाला नाकारता आलं नाही. दावा परभणीतच चालेल असा हुकूम झाला आणि पुढच्या तारखेला मशीन परत देण्याचाही.

कोर्टाच्या बाररूममध्ये दिनकरराव वकिलांनी तिला विचारलं, "ते पत्र सापडलं कुठं?"

सुकेशनीनं माझ्याकडे पाहिलं. "सरांकडं. सरांनीच दिलं."

सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. शिकवावं तर असं, म्हणाले. मी हसलो. सगळे पांगल्यावर ती जवळ आली.

"फोनवर नाही म्हणालात तेव्हा तुमच्याकडं होतं ना, सर?"

"होतं."

तिनं मान हलवली, गाऊन हातावर टाकला आणि दुसऱ्या केसच्या तारखेला निघून गेली. दारात तिचे तीन पक्षकार उभे होते. ते मी मोजले.