वहिनीचा समुद्र

भाच्याचा फोन आला तेव्हा मी लॅबमध्ये एका आजोबांचं रक्त काढत होते. "आत्या, आईला काहीतरी झालंय," तो म्हणाला. मी सुई काढून आजोबांच्या हातावर कापूस दाबला. मग कळलं, वहिनीला सर्फिंग शिकायला समुद्रावर जायचंय. तेही एकटीला.

"तू समजाव. तुझं ऐकते ती."

वहिनी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. तरी संध्याकाळी तिच्या लॉन्ड्रीत गेले. दादा गेल्यापासून दुकान ती एकटीच सांभाळते. काउंटरवर कुणी नव्हतं. आत डोकावले तर इस्त्रीच्या लांब टेबलावर वहिनी पालथी पडलेली! मी किंचाळणार, तेवढ्यात ती तळहात टेकून उसळली, एक पाय पुढे घेत उभी राहायला गेली आणि तोल जाऊन मळक्या चादरींच्या ढिगात कोसळली.

"हसू नका वन्सं," ढिगातून आवाज आला. "व्हिडिओत ती पोरगी लाटेवरच्या फळीवर चुटकीसरशी उभी राहते."

"या वयात हाडं मोडून घ्यायचीत का?"

"पाणी या टेबलापेक्षा मऊच असेल की."

मी हात देऊन तिला उठवलं. तिनं मोबाइल पुढे केला. नारळाची झाडं, निळं पाणी, किनाऱ्याला लागून एक साधी खोली. मोठ्या लाटांचा मोसम ओसरला की या, असं तिथल्या शिकवणाऱ्या बाईनं तिला सांगितलं होतं. पाणी बारा महिने कोमट. वहिनीला पोहता येतं, हे मला इतक्या वर्षांत त्या दिवशी कळलं.

माझे डोळे भरून आले. "दादाचं राहिलेलं स्वप्न पुरं करतेयस ना?"

ती बघतच राहिली. "तुमचा दादा? तो घोट्याच्या वर पाणी लागू द्यायचा नाही! हे माझं आहे, वन्सं. लग्नाआधीपासूनचं. त्याला एकदा बोलले होते. वेडी म्हणाला. प्रेमानंच म्हणाला, पण मग मी विषय काढला नाही."

मला जरा टोचलं. दादा माझा लाडका. पण तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, आणि दादा तसाच होता.

"मग अडलंय कुठे?"

"दुकानात. बंद ठेवलं तर हॉटेलवाले कपडे दुसरीकडे टाकतील. बांधलेली गिऱ्हाइकं एकदा गेली की गेली."

मी पर्स खुंटीला अडकवली. "इस्त्री कशी धरायची, दाखव."

रोज लॅब सुटली की शिकवणी सुरू झाली. बाह्यांनी माझा जीव काढला. भाचा चिडला, "आत्या, तुला समजवायला पाठवलं होतं!"

"समजावलं ना. तिनं मला."

वहिनी गेली आणि मी रजा टाकून काउंटरवर बसले. एका साहेबांच्या पॅन्टला मी शेजारी शेजारी दोन घड्या पाडल्या. त्यांनी भर दुकानात माझी खरडपट्टी काढली. मी माफी मागून पॅन्ट पुन्हा ओली करत होते, तेव्हा वहिनीचा फोन आला.

"वन्सं, उभी राहिले!" लाटांच्या आवाजात ती ओरडून बोलत होती. "लगेच पडले. नाकातोंडात पाणी, गुडघा सोललाय. पण उभी राहिले हो!"

हसता हसता तिला खोकला लागला. मग ती त्या लाटेबद्दलच बोलत सुटली. दुकानाचं तिनं एका शब्दानं विचारलं नाही.

मीही साहेबांचं काही सांगितलं नाही.