आरशामागचा हात

घड्याळजींना अर्धांगाचा झटका आला तो सकाळी, दाढी करताना. जीव वाचला. वाचाही लवकर परतली, पाय थोडा फरफटत का होईना चालू लागला. मागे राहिला तो डावा हात. कुणी परक्याने सांभाळायला दिलेल्या वस्तूसारखा तो खांद्याला लोंबत असे.

लोकांना वाटतं, घड्याळ दुरुस्त करणारा उजव्या हाताने काम करतो. उजवा नुसता स्क्रू फिरवतो. घड्याळ धरून ठेवतो तो डावा, आणि त्याने तसूभरही हलायचं नसतं. ही गोष्ट मुलालाही ठाऊक होती. लहानपणी तो दुकानातच अभ्यासाला बसायचा.

"बाबा, महिनाअखेरीस माझ्यासमोर एक घड्याळ उघडून परत बंद करून दाखवा," तो म्हणाला होता. "जमलं तर दुकान राहील. नाही जमलं तर मी विकायला काढतो, आणि मग रुसायचं नाही."

घड्याळजी तेव्हापासूनच रुसले होते.

फिजिओथेरपीची खोली लांबोडकी होती. एका भिंतीलगत रेक्झिनचे पलंग, मध्ये धरून चालायला दोन आडव्या दांड्या, कोपऱ्यात रबरी चेंडूंची टोपली. थेरपिस्ट मॅडम मुलीच्या वयाच्या.

"काका, नवीन पेशंटला मी आधीच सगळं सांगून टाकते," त्या म्हणाल्या. "आज मी फक्त तपासणार. हात किती उचलतोय, बोटांत जोर किती आहे. दुखलं तर बोलायचं. दातओठ खाऊन गप्प बसलात तर मला काहीच कळत नाही. घरी गेल्यावर दमायला होईल, त्याने घाबरू नका. सुरुवातीला फरक दिसणार नाही, मग तुम्ही माझ्यावर चिडाल. तेही चालेल."

"मी कुणावर चिडत नाही."

"काकू वेगळंच सांगत होत्या."

पुढे काही दिवसांनी मॅडमनी आरसा काढला. टेबलावर मधोमध उभा केला. उजवा हात काचेसमोर, डावा मागे, नजरेआड. उजव्या हातातली अंगठी त्यांनी काढून ठेवायला लावली.

"आरशात जो दिसतोय तो डावाच आहे असं समजायचं. मूठ उघडा, मिटा. मेंदूला फसवायचं आहे."

"म्हातारा मेंदू आहे. फसायला वेळ लागायचा नाही."

"आणि मागे डोकावायचं नाही. डोकावलात की फसवणूक संपली."

घड्याळजी मूठ उघडत राहिले, मिटत राहिले. घरी सरावासाठी मॅडमनी तसाच एक आरसा दिला, तो त्यांनी दुकानात नेला. मागचा हात ढिम्म होता. पण एके दुपारी त्यांच्या लक्षात आलं की आरशातल्या अंगठ्यावर डाग नाही. उजव्या अंगठ्यावर त्यांना लहानपणापासून भाजल्याचा डाग होता. आरशातला अंगठा नितळ होता, आणि त्याचं नख उभं चिरलेलं. चिरलेलं नख डाव्याचं होतं.

पुढच्या खेपेला त्यांनी हळूच विचारलं, "मॅडम, आरशात कधी काही वेगळं दिसतं का?"

मॅडमचा हात थांबला. "वेगळं म्हणजे? कुणाकुणाला वाटतं, हा हात आपला नाही. कुणाला गरगरतं. तसं काही असेल तर लगेच सांगा, आरसा बंद करू. सगळ्यांना तो सोसत नाही."

बंद म्हटल्यावर घड्याळजींच्या डोळ्यांसमोर दुकानाला लागलेलं परक्याचं कुलूप आलं.

"छे, सहज विचारलं," ते म्हणाले.

त्यानंतर एकदा त्यांनी उजवी मूठ उघडली आणि आरशातली मूठ मिटलेलीच राहिली. त्यांनी पुन्हा उघडली, बोटं नाचवली. आरशातला हात जागचा हलला नाही. दुसरा कुणी असता तर किंचाळला असता. घड्याळजींच्या मनात आलं ते एवढंच, की हा किती स्थिर आहे.

महिनाअखेरीस मुलगा दुकानात आला. स्टूल ओढून समोर बसला. घड्याळजींनी आरसा मांडला, डावा हात उजव्याने उचलून आरशामागे ठेवला आणि डोळ्याला भिंग लावलं.

"बाबा, आरसा कशाला?"

"सवय झालीय. तू गप्प बस."

त्यांनी गिऱ्हाइकाचं एक जुनं मनगटी घड्याळ उजव्या हाताने काचेपाशी नेलं. मुलाला वाटलं, त्यांनी ते आरशाला टेकवून ठेवलं. घड्याळजींनी पाहिलं, आरशातली बोटं पुढे आली आणि त्यांनी घड्याळ अलगद धरलं. पूर्वी धरायची तशीच, अंगठा आणि दोन बोटांत. मग घड्याळजींनी स्क्रूड्रायव्हर उचलला. हात पुढे नेला, तर आरशाची काच जिथे लागायला हवी तिथे लागली नाही. थोडा गारवा लागला, तळघराचं दार उघडल्यासारखा. मागचं झाकण निघालं. आतलं काम त्यांनी चिमट्याने केलं, झाकण बसवलं, स्क्रू आवळला. आरशातला हात एकदाही थरथरला नाही.

टिकटिक सुरू झाली.

"जमलं," घड्याळजी म्हणाले.

मुलाने मान हलवली. एवढ्या जवळ बसूनही, वडिलांच्या उजव्या हाताआड, त्याला नीटसं दिसलं नव्हतं. पण टिकटिक त्यालाही ऐकू येत होती. "जमलं खरंच. मी हरलो, बाबा. द्या बघू इकडे घड्याळ."

घड्याळजींनी घड्याळ घ्यायला उजवा हात काचेकडे पुढे केला. आरशातली बोटं घट्ट मिटलेलीच राहिली. त्यांनी आपली मूठ उघडून दाखवली, मॅडमनी शिकवलं तशी, सावकाश. पुन्हा उघडून दाखवली.

"काय करताय? थांबा, आरसा बाजूला घेतो."

"नको."

"का नको?"

"घड्याळ त्याच्याकडे आहे."

मुलगा हसला, आणि हसता हसता वाकून आरशामागे डोकावला. तिथे वडिलांचा डावा हात पडला होता, पालथा, सैल, रिकामा. टेबलावर घड्याळ नव्हतं. खाली पडलेलंही नव्हतं. टिकटिक मात्र अगदी कानाशी चालू होती.

तो सरळ होऊन स्टूलवर बसला आणि आरशाकडे पाठ फिरवली.

"गिऱ्हाइकाला काय सांगायचं?" त्याने विचारलं.

"सांगू, दुरुस्त झालंय म्हणून," घड्याळजी म्हणाले. त्यांची नजर काचेवरून हलली नव्हती. "दुकान उघडं राहणार ना?"

काचेपलीकडची बोटं थोडी सैल झाली, पण ती घड्याळ द्यायला नव्हे. तळवा उताणा झाला, पुढे आला, आणि पुढचं घड्याळ मागत तसाच थांबला.