एकाच बादलीतले बेडूक

हिमानीने बरणीतला बेडूक चिमट्याने उचलला, त्याच्या पोटावरून कापसाची काडी फिरवली आणि काडी नळीत बंद केली. बेडूक एकोणीसशे एक्क्याऐंशीपासून बरणीत होता. त्याने हरकत घेतली नाही.

पालघरच्या त्या कॉलेजात डोंगरातल्या बेडकांच्या एकतीस बरण्या होत्या. बेडकांची कातडी खाऊन त्यांना मारणारी बुरशी इकडच्या डोंगरांत केव्हा शिरली आणि कुठून कुठे गेली, हे हिमानीला त्यांवरून शोधायचे होते. प्रबंधाला तीन वर्षे गेली होती, मुदत दिवाळीपर्यंत होती. बरण्या ज्यांनी आयुष्यभर सांभाळल्या ते प्रयोगशाळेतले निवृत्त शिपाई पुंडलिक तामोरे रोज दांडीहून बसने येत आणि स्टुलावर बसून बघत. मुलगी चांगल्या घरी पडल्याचे समाधान त्यांच्या चेहऱ्यावर असे.

निकाल आले त्या दिवशी हिमानीने नकाशा त्यांच्यापुढे धरला. बुरशीचा अंश एकूणएक बेडकांवर सापडला होता. सगळे डोंगर, सगळी वर्षे. रोग पहिल्यापासून सर्वत्र होता, असे म्हणून तिचे मार्गदर्शक खूश झाले होते. प्रबंधात पुंडलिककाकांचे आभार छापायचेही ठरले होते.

पुंडलिकांनी स्टूल नकाशाजवळ ओढले.

"बाय, तपासणी समिती यायची ना, तिच्या आदल्या दिवशी मी सगळे बेडूक धुवायचो."

"कशात?"

"बादलीत. आमच्यात मासळी धुतल्याबिगर कोणाच्या पुढं ठेवत नाय."

"एकाच बादलीत?"

"एकाच. दरसाल. मन लावून."

हिमानीने नकाशाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. रोग डोंगरांतून कसा फिरला ते अजून कळले नव्हते. बादलीतून कसा फिरला ते कळले होते. ती चिडली असती तर पुंडलिकांना बरे वाटले असते. तिने त्यांना थर्मासमधला चहा ओतून दिला. आपले नाव तेवढे काढून टाक, असे ते कपाला म्हणाले.

न धुतलेला एकही नाही का, असे तिने विचारले. ते नाही म्हणाले आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी टॉवेलात गुंडाळलेली बरणी टेबलावर ठेवली. आत अशेरीच्या डोंगरातल्या झऱ्यात मेलेला सापडलेला बेडूक होता. कातडी सोलवटलेली, पाय ताणलेले. चिठ्ठीवर तारीख होती. असला रोगट नमुना कपाटात शोभत नाही, फेकून दे, असे तेव्हाच्या सरांनी सांगितले होते. पुंडलिकांच्याने फेकवला नाही. त्यांच्या बायकोने, हंसाबाईंनी, कुरकुरत त्याला माळ्यावर जागा दिली होती.

"याला कदी धुतला नाय," ते ओशाळून म्हणाले. "दाखवण्यासारखा नव्हता."

हिमानी बरणीवर वाकली. मग तिने हळूच विचारले, "असे रोगट म्हणून आणखी फेकले होते, काका?"

"लय. सरांना देखणेच लागायचे."

"कुठले, ते आठवतं?"

"चिठ्ठी वाचून फेकायला मीच जायचो. आठवणार नाय तर काय."

तिने पिशवीतून दुसरा नकाशा काढला, कोरा, आणि टेबलावर पसरला. पुंडलिकांनी बोट सदऱ्याला पुसले आणि अशेरीच्या जरा वर टेकवले.