मुश्ताकभाईंचं चिकट बोट

मित्रांनो, पनवेलच्या एका दवाखान्यातला मी जुना ग्लुकोमीटर. रक्ताच्या थेंबातली साखर मोजायची, एवढंच माझं काम. हजारो आकडे दाखवले आणि विसरलो. एक आकडा मात्र मला अजून छळतो.

नवा होतो तेव्हा कसा चकचकीत होतो! तातडीच्या खोलीत माझा मोठा मान. एकदा पळस्प्याहून एका ट्रकवाल्याला आणलं. गडी बरळत होता. "दारू पिऊन टाइट आहे," सगळे म्हणाले. मी एकोणतीस दाखवलं, म्हणजे साखर पार उतरलेली. शिरेतून ग्लुकोज गेलं आणि पठ्ठ्या उठून चहा मागू लागला! "शाब्बास रे!" म्हणत कीर्ती सिस्टरनी मला थोपटलं. तेव्हापासून माझा शब्द शेवटचा झाला. तिथेच घात झाला.

गेल्या रमजानात, इफ्तारला अर्धा तास असताना, मुश्ताकभाईंना बेशुद्ध आणलं. कुर्ता घामाने चिंब, अंग गारठलेलं. मशिदीतल्या इफ्तारच्या खजुरांच्या बिया दर वर्षी ते स्वतः काढत. तेच करताना कोसळले होते. घाईत त्यांचा हात कुणी धुतला नाही, नुसता स्पिरिटचा बोळा फिरवला. खजुराने चिकट झालेल्या बोटाचा थेंब माझ्यापाशी आला आणि मी खजुराची साखरही मोजून चारशे ऐंशी दाखवलं.

"साखर चढलीय. इन्सुलिन द्या," डॉक्टर म्हणाले.

मुश्ताकभाईंच्या पत्नी हुस्नबानो कळवळून सांगत होत्या, "अहो, यांचा रोजा आहे! पहाटे सहेरीला इन्सुलिनची सुई घेतली नि दोन घास खाऊन उठले. साखर वाढेल कशी?"

"मशीन दाखवतंय ना, चाची," कीर्ती सिस्टर म्हणाल्या.

इन्सुलिन गेलं. थोड्याच वेळात त्यांना आकडी आली. सिस्टरनी घाबरून त्यांचं दुसरं बोट धुतलं, पुन्हा टोचलं. बावीस! अरे देवा! लगेच ग्लुकोज दिलं, पण फार उशीर झाला होता. मुश्ताकभाईंचा जीव वाचला, ओळख मात्र गेली.

आता हुस्नबानो त्यांना चाकाच्या खुर्चीवरून तपासणीला आणतात. आल्या आल्या नळाखाली त्यांचं एकेक बोट चोळून धुतात. मुश्ताकभाई परक्या बाईकडे बघावं तसे त्यांच्याकडे बघत राहतात. "घे बेटी," म्हणत त्या त्यांचा हात सिस्टरपुढे करतात. कीर्ती सिस्टर मान वर करत नाहीत. मला तर आता थेंबाचीच भीती वाटते.

मित्रांनो, मधुमेही माणूस घामाघूम झाला, बरळू लागला, तर साखर उतरली असेल हे आधी मनात आणा. माझा आकडा समोरच्या माणसाशी जुळत नसेल, तर बोट धुवा, परत टोचा आणि घरच्यांचं ऐका. मला पुन्हा विचारायला पाच सेकंद लागतात. त्या संध्याकाळी मला वेळेवर कुणी पुन्हा विचारलंच नाही.