खांदा पडल्यावरचे चार ठोके

नणंदेला संगीत नाटकातलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि म्हणूनच वहिनीने तिला बोलावलं होतं. जाणकार माणूस सुरावर भाळतो आणि आंधळा होतो. ही दातांच्या दवाखान्यात पेशंटना नंबर देणारी बाई. दिवसभर लोकांच्या तोंडाकडेच बघते.

रविवारी दुपारी दोघी टीव्हीसमोर बसल्या. नाटकाचं रेकॉर्डिंग त्याच आठवड्यात घरोघरी दिसू लागलं होतं.

"घरीच बरं बाई," नणंद उशीला टेकत म्हणाली. "पुढच्याचं डोकं मध्ये येत नाही, कंटाळा आला की पुढे ढकलता येतं. पण मला सांग वहिनी, चावी हरवली म्हणून कुणी दहा मिनिटं गातं का? तेवढ्यात सापडली असती."

वहिनी हसली नाही. सहा वर्षं ती या नाटकात होती आणि एकाही प्रेक्षकाने तिला पाहिलं नव्हतं. नायिकेचा आवाज वर गेला की फाटायचा. तिथे नायिकेने नुसतं तोंड हलवायचं आणि वहिनीने विंगेतल्या काळ्या पडद्यामागून गायचं. तिथून नायिकेची फक्त पाठ दिसायची. म्हणून खूण ठरली होती: नायिकेने उजवा खांदा खाली टाकला की वहिनीने थांबायचं. सहा वर्षांत एकदाही चूक नाही.

दिग्दर्शकाने शब्द दिला होता, रेकॉर्डिंग होईल तेव्हा पडद्यावरच्या नावांच्या यादीत तुझं नाव घालू. रेकॉर्डिंगच्या दिवशी सकाळी यादी भिंतीवर लागली. त्यात चहावाला होता. नायिकेच्या कुत्र्याचेसुद्धा आभार होते. वहिनी नव्हती.

"तुझं नाव घातलं तर लोक विचारतील, ही गायली कुठे?" दिग्दर्शक म्हणाला. "जरा समजून घे."

तिने समजून घेतलं. शेवटच्या पदाला नायिकेचा खांदा पडला आणि वहिनी थांबली नाही. चार ठोके सूर तसाच ताणून धरला. विसाव्या रांगेतून तोंड कुणाला दिसतं? टाळ्यांचा कडकडाट झाला. कॅमेरा मात्र नायिकेच्या नाकासमोर होता, आणि नंतर तुकडे जोडणारेही सुरावरच भाळले.

आता ते पद आलं. नणंद ताठ बसली.

"थांब, मागे घे. अगं, हिने तोंड मिटलंय. मग गातंय कोण?"

"रेकॉर्डिंग बिघडलं असेल."

"मग बाकीच्यांची तोंडं कशी बरोबर हलतायत? मला नको सांगूस. बंद तोंड आणि उघडं तोंड यातला फरक मला कळतो." तिने पुन्हा लावलं, कान दिला, आणि हळूच वळून बघितलं. "वहिनी. हा तुझा आवाज आहे."

"हो."

"आणि ही मिरवतेय?" नणंदेने मोबाइल उचलला, टीव्हीवरचा तेवढाच तुकडा टिपला. "दवाखान्याच्या ग्रुपवर टाकू?"

"टाक की."

नणंदेच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे वहिनीला लग्न झाल्यापासून माहीत होतं.

बुधवारी दिग्दर्शकाचा फोन आला. आवाज मधात बुडवलेला.

"अगं, तो तुकडा गावभर फिरतोय. बाई घराबाहेर पडेनात. तेवढं पद पुन्हा रेकॉर्ड करू. तू ये. यादीत नाव घालतो, पहिल्या पाचात."

"बाईंनाच गाऊ द्या ना."

"तुला माहीत आहे, त्यांना तो सूर लागत नाही."

"मला माहीतच आहे," वहिनी म्हणाली. "आता सगळ्यांना होऊ दे. आणि कॅमेरा जवळच ठेवा."