खालचा आवाज

शाळेच्या चॅपलमध्ये एकतीस वर्षं ऑर्गन वाजवणाऱ्या सरांना वरचे सूर ऐकू येईनासे झाले होते, आणि ही गोष्ट त्यांनी कोणालाही सांगितली नव्हती. सांगायची तरी कोणाला? बायकोला मुळातच ओरडून बोलायची सवय, त्यामुळे ती होती तोवर कान अधू झालेत हे त्यांचं त्यांनाही कळलं नाही. तीन वर्षांपूर्वी ती गेली, घर गप्प झालं, आणि त्या गप्पपणात कानांचं अधूपणही झाकून गेलं.

शाळेत मात्र रोजची परीक्षा. मधली सुट्टी झाली हे त्यांना मुली उठल्या की कळायचं. शिक्षकांच्या खोलीत विनोद झाला की ते सगळ्यांच्या मागून, उशिरा हसायचे. मोठ्या सिस्टर, म्हणजे मुख्याध्यापिका, यांचा आवाज सुतासारखा बारीक. त्या काही म्हणाल्या की सर नुसती मान डोलवायचे. या मान डोलवण्यापायी एकदा मैदानातलं सगळं गवत काढायचं काम त्यांच्या गळ्यात पडलं होतं, आणि त्यांनी ते निमूटपणे केलंही होतं. वर्षभर तर सिस्टर बोलतही नव्हत्या, चिठ्ठ्या पाठवायच्या. सरांनी ओळखलं, आता आपला पत्ता कटणार. कान गेलेल्या माणसाला ऑर्गनवर कोण बसू देईल? आणि ऑर्गन गेला तर मागे उरतात दोन खोल्या आणि एक खुर्ची.

त्यांची सगळी मदार एका मुलीवर होती. शेवटच्या वर्गातली, आवाज असा जाडाभरडा की मैत्रिणी तिला 'खर्ज'च म्हणायच्या. गायनवृंदात दुसरा, खालचा आवाज ती एकटी गायची. बाकी सत्तावीस जणी वरचा. त्या सत्तावीस जणींची सरांना दिसायची ती फक्त ऑर्गनवरच्या छोट्या आरशात हलणारी तोंडं. खर्जचा आवाज मात्र कानात शिरायचा. तिनं श्वास घेतला की सर थांबायचे, तिनं ओळ धरली की पुढे निघायचे.

बाकीच्या मुलींचं काही विचारू नका. सरावाला उभ्या राहिल्या की लाकडी फळ्यांवर टाचा आपटायच्या. "पाय आहेत का खूर?" सर खेकसायचे. दोन दिवस शांतता, की पुन्हा धपधप सुरू. पूर्वी सराव संपला की त्या ऑर्गनभोवती गप्पा मारत रेंगाळायच्या. आता लांबूनच हात हलवून निघून जायच्या. मधल्या सुट्टीत खर्जभोवती कोंडाळं करायच्या, आणि सर आले की सगळ्यांची तोंडं बंद. सरांना फार लागायचं ते. घरी जाऊन ते खुर्चीत बसायचे आणि दिवा लावायचंही विसरायचे.

शेवटच्या वर्गाच्या निरोपाची मिस्सा, म्हणजे चॅपलमधली मोठी प्रार्थना, होती त्या सकाळी खर्ज गळ्याला मफलर गुंडाळून आली. तिनं गळ्याकडे बोट दाखवलं आणि नकारार्थी हात हलवला. घसा पार बसला होता.

सरांच्या पायांखालची जमीन सरकली. चॅपल भरून गेलं होतं, आईबाप मागे भिंतीला टेकून उभे होते. आता पळून जाणार कुठे? आज आपलं पितळ उघडं पडणार, उद्या राजीनामा द्यायचा, असं ठरवूनच ते ऑर्गनच्या बाकावर बसले.

सुरुवातीचे सूर वाजवून झाले. आरशात त्यांना खर्ज दिसली. तिनं हात वर केला, तशा डावीकडच्या रांगेतून नऊ जणी निघाल्या आणि तिच्याजवळ, उजवीकडे येऊन उभ्या राहिल्या. मग टाचा वाजल्या. धप, धप, धप, धप. फळ्यांतून तो ठेका सरांच्या पायांत चढला. आणि पाठोपाठ खालचा आवाज आला, नऊ गळ्यांचा. सरांनी तो त्यांना कधी शिकवलाच नव्हता. सर वाजवत राहिले. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

लोक बाहेर पडल्यावर त्यांनी खर्जला अडवलं. "हे कधी शिकल्या त्या?"

तिचे ओठ हलले, पण त्या बसलेल्या आवाजातलं त्यांना काहीच कळलं नाही. मग तिनं पेन्सिल काढून गीतांच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलं, 'मधल्या सुट्टीत. मी शाळा सोडल्यावर तुम्हाला कोण ऐकू येणार?'

सरांनी वही जवळ ओढून ती ओळ वाचली. "किती जणींना माहीत आहे?"

'सगळ्यांना. दोन वर्षं झाली.'

"मग बोलला का नाहीत?"

तिनं लिहिलं, 'तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होतो.'

सरांना स्वतःची लाज वाटली. दोन वर्षं ते अंधारात बसून होते, आणि इकडे अख्खी शाळा त्यांच्यासाठी टाचा आपटत होती. त्या टाचांना त्यांनी खूर म्हटलं होतं.

तेवढ्यात मोठ्या सिस्टर आल्या. हातात नेहमीची चिठ्ठी होती, पण आज आनंदाच्या भरात त्या आधी काहीतरी बोलूनच गेल्या. सरांची मान सवयीनं डोलायला निघाली. त्यांनी ती आवरली.

"सिस्टर, मला ऐकू येत नाही," ते म्हणाले. "काय म्हणालात?"

सिस्टरनी चिठ्ठी खिशात घातली, त्या सरांच्या कानाशी आल्या आणि, घरातल्या माणसावर ओरडावं तशा, चॅपल दणाणेल एवढ्या मोठ्यानं ओरडल्या, "चहा गार होतोय म्हटलं! चला!"