चढाकडे तोंड

चौथ्या हीटर प्लगला तार टेकवली, तसा सरांच्या हातातला चाचणीचा दिवा लागला. म्हणजे चारही प्लग शाबूत होते. त्यांनी तार गुंडाळून खिशात ठेवली, मफलर कानांवर ओढला आणि पिकअपच्या उघड्या बॉनेटखाली तसेच वाकून उभे राहिले.

“बॅटरी नवी, प्लग चांगले, डिझेल स्वच्छ,” मिस्त्री म्हणाला. “आता बिघडायला तुम्ही आणि मीच उरलोय.”

मिस्त्री त्यांचा तीस वर्षांपूर्वीचा विद्यार्थी. तंत्रविद्यालयात डिझेल इंजिनाच्या तासाला मागच्या बाकावर डुलक्या काढायचा. आता चौकापलीकडे त्याचं स्वतःचं गॅरेज होतं. हातातला पाना फडक्यात गुंडाळत त्याने विचारलं,

“सर, तुम्हीच सांगायचात, बिघाड शोधण्याआधी बदल शोधा. मागच्या हिवाळ्यात ही गाडी किल्ली नुसती दाखवली तरी सुरू व्हायची. तेव्हापासून बदललं काय?”

सरांनी बोटं पुसली. एकेक करून, नखांच्या कडांपर्यंत.

“काहीच नाही.”

मिस्त्रीची नजर घराच्या दाराकडे गेली आणि लगेच परत आली. तीन महिन्यांपूर्वी त्याच दारातून निघालेल्या सरांच्या बायकोला त्याने खांदा दिला होता.

गेल्या रविवारी सरांची मुलगी आली होती. त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं, आणि गाडी बॅटरी झोपेपर्यंत नुसती कण्हत राहिली. थंडीत हात चोळत तिने अखेर सांगून टाकलं होतं,

“बाबा, पुढच्या रविवारी सातला येते. एका सेल्फमध्ये सुरू झाली, तर पुन्हा हा विषय काढणार नाही. नाही झाली, तर गाडी काढून टाकायची आणि तुम्ही माझ्याकडे राहायला यायचं. इथे एकटं राहून बॉनेटखाली डोकं घालण्याचं वय आहे का हे?”

“वय बॉनेटचंही झालंय,” सर म्हणाले होते. पण कबूल झाले होते.

बुधवारी मिस्त्रीने गाडी कशीबशी सुरू करून गॅरेजवर नेली. गुरुवारची सकाळ त्या आठवड्यातली सर्वांत गारठ्याची निघाली. काच दंवाने पांढुरकी झाली होती. सर तिथे पोहोचले, किल्ली फिरवली आणि इंजिन पहिल्याच झटक्यात धडधडू लागलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मिस्त्री बाहेर जाऊन गाडीच्या चाकांकडे, मग जमिनीकडे बघत राहिला.

“माझ्या अंगणाला उतार आहे, सर. तोंड खाली करून उभी होती. तुमच्या दारात चढाकडे तोंड असतं.”

पुढचं सरांना सांगावं लागलं नाही. थंडीत फिल्टरवरचं रबर आखडतं, तिथून हवा शिरते आणि गाडीचं तोंड वर असलं की इंजिनपर्यंत आलेलं डिझेल रात्रभरात टाकीकडे परत उतरतं. हे त्यांनी फळ्यावर किती वर्षं काढून दाखवलं होतं.

“मागच्या हिवाळ्यात कशी लावायचात?”

“उताराकडे तोंड करून.”

“मग फिरवली कधी?”

सरांनी चष्मा काढून पुसला.

“उन्हाळ्याच्या सुरुवातीला. आजारपणात तिला गाडीला वळसा घालून पलीकडे जाणं जमेनासं झालं होतं. तोंड वर केलं, की तिच्या बाजूचं दार पायऱ्यांसमोर येतं.”

मिस्त्री बराच वेळ पान्यांची पेटी आवरत राहिला. मग नेहमीच्या आवाजात म्हणाला,

“रबर बदलतो. पण डिझेल मागे जाऊ न देणारी आतली झडपही ढिली आहे, ती मंगळवारशिवाय मिळायची नाही. रविवारची खात्री हवी, तर शनिवारी गाडी फिरवून लावा. दोन मिनिटांचं काम.”

शनिवारी ऊन कलायच्या आत सरांनी ते काम केलं. चौकातून गाडी वळवली, दारासमोर आणली आणि उताराकडे तोंड करून उभी केली. दार उघडून ते उतरले, तर पाय जमिनीऐवजी लाकडावर पडला. पायरीलगत ठेवलेलं ते बुटकं स्टूल त्यांनीच बनवलं होतं. पिकअप उंच, म्हणून बायकोला चढायला. पाय घसरू नये म्हणून वर रबराची पट्टी ठोकली होती. ती मधोमध झिजली होती. सर क्षणभर स्टुलावरच उभे राहिले. मग पुन्हा आत बसले आणि गाडी परत वळवायला चौकाकडे नेली.

रविवारी मुलगी बरोबर सातला आली. दंव पडतच होतं. सर स्टिअरिंगमागे बसले होते. ती पायऱ्यांपाशी आली, न बघताच तिचा पाय स्टुलावर गेला आणि ती वडिलांशेजारी येऊन बसली.

सरांनी किल्ली अर्धी फिरवली, हीटरचा पिवळा दिवा विझू दिला आणि सेल्फ मारला. इंजिन फिरलं, खोकलं, पांढरा धूर सोडला आणि थांबलं.

सरांनी हात मांडीवर ठेवले.

“मिस्त्रींचा फोन आला होता काल,” मुलगी समोर बघत म्हणाली. “म्हणाले, काळजी करू नका, सर गाडी फिरवून लावतील.”

“लावली होती.”

काच थोडी खाली करून तिने खाली पाहिलं. स्टूल तिच्या दाराखाली होतं, एक बोटही इकडेतिकडे नाही. बराच वेळ ती पाहत राहिली.

काच वर करून तिने दार उघडलं आणि अलगद पुन्हा लावून घेतलं.

“माझं दार नीट लागलं नव्हतं,” ती म्हणाली. “पहिला धरायचा नाही. मारा, बाबा.”

सरांनी किल्ली अर्धी फिरवली. पिवळा दिवा विझण्याची दोघं वाट बघत राहिले.